सीडी प्लेअर कुणाच्या कानानं घेतला

अण्णा,

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले, तरी ओट्यावर येऊन बसणारा प्रत्येक माणूस अजून तुमच्या कानाबद्दलच बोलतोय. "अण्णांचा कान म्हंजे कान हुता," म्हणतात आणि चहा पितात. भजनी मंडळाचे बुवा काल सांगत होते, "शेवटपर्यंत शाबूत हुता बरं. माझ्या पेटीचा वरचा सूर उतरलाय, हे त्यांनी सांगितलं तवा मला कळलं." तुमचा संदीप मान हलवत होता, त्याचा ऊर भरून आला होता. मी कप गोळा करून आत गेले. कारण तुमच्या कानाचं जे मला माहीत होतं ते या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तशी सोय तुम्हीच करून ठेवलीत.

आधीच सांगते, मी थोडी रागावलेली आहे. सुनेनं सासऱ्यावर रागवू नये म्हणतात. पण आपण दोघं एका सीडी प्लेअरवरून अख्खी दिवाळी भांडलो, तेव्हा हा नियम कुणी पाळला होता? ते भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात आणि शेवटचा शब्द तुमचा राहिला, हे मला मुळीच मान्य नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी, नगरच्या एका कारकुनाची पेटी शिकलेली मुलगी, मिरजगावात लग्न होऊन आले. मांडवात बसल्या बसल्या मला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की इथला कर्णा ओरडत नाही. भटजींचा शब्द न् शब्द कळत होता आणि तरी शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी कुजबुजता येत होतं. मग पाहिलं, तर नवरदेवाचे वडील नवा फेटा बांधून अ‍ॅम्प्लिफायरपाशी उकिडवे बसलेले. व्याही बाजूला उभे, आणि तुम्ही मंगलाष्टकांचा आवाज कमी-जास्त करताय! माझे वडील आधी गोंधळले, मग मला हळूच म्हणाले, "वैशाली, माणूस कामाचा दिसतोय." वडिलांनी आयुष्यात फार कमी लोकांना हे प्रशस्तिपत्र दिलं.

मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा तुम्ही तीस वर्षं केलात. पंगतीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं, पलीकडच्या गल्लीतल्या आजाऱ्याला जाऊ नये, एवढाच तुमचा नियम. पुढं डीजे आले. पोरं म्हणाली, अण्णा, मोठे बॉक्स घ्या, सुपाऱ्या तुमच्याकडंच येतील. तुम्ही म्हणालात, "लोकांच्या छातीत धडकी भरवायची सुपारी मी घेत न्हाई." आणि घेतली नाहीत. कर्णे पत्र्याच्या खोलीत गेले, तुम्ही कांद्याच्या वावरात गेलात. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता, आणि मी तो बोलून दाखवला नव्हता. आता बोलते.

धंदा बंद झाला तरी आवाज काही तुम्ही सोडला नाहीत. जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडून नीट केलात. सागवानी फळ्यांची दोन खोकी स्वतः ठोकलीत, त्यांत स्पीकर बसवलेत आणि माजघराच्या भिंतीशी ठेवलेत. समोर, बरोबर मध्यावर, एक खुर्ची. हा स्टिरिओ नेमका एकाच जागी बसून ऐकायचा असतो, हे तुम्ही आम्हाला शंभरदा समजावलंत. दोन्ही खोक्यांपासून सारखं अंतर धरून बसलं की गाणारा माणूस खोक्यात राहत नाही, दोन्हींच्या मधोमध येऊन उभा राहतो. "वीतभर इकडं सरकलं की गानारा भिंतीत गेला," असं तुम्ही म्हणायचात. ती खुर्ची तुमची. मी ऐकायचे ते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, म्हणजे माझ्या वाट्याचा गाणारा कायम भिंतीतच. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही ही इथली रीत, आणि मलाही त्यात काही खुपत नव्हतं. शाळेत शिकवताना दिवसभर उभं राहायची सवय होतीच.

आणि ती पत्र्याची ट्रंक. तीस वर्षांत जिथं जिथं कर्णे लावलेत तिथं तिथं एक टेपरेकॉर्डरही लावलात. सप्ताहातली भारुडं, हळदीला बायकांनी म्हटलेली गाणी, खर्ड्याच्या एका सनईवाल्याची अख्खी सकाळ. त्या कॅसेटांना बुरशी लागायला लागली तेव्हा नगरला नेऊन सगळ्यांच्या सीडी करून आणल्यात. प्रत्येकीवर तुमच्या वाकड्या अक्षरात गावाचं आणि गाणाऱ्याचं नाव. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मोबाईलवर शोधून यातलं एक अक्षर सापडणार नाही.

म्हणून मागच्या गणपतीनंतर घरातला सीडी प्लेअर बंद पडला तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. आतलं भिंग गेलं होतं, त्याचा सुटा भाग मिळत नव्हता. संदीप म्हणाला, "अण्णा, समदं पेन ड्राइव्हवर घेऊ की." तुम्ही म्हणालात, "घे. पन मला डबा लागंल. सीडी घालायची, झाकन लावायचं, गप बसायचं. बोटानं पुढं पुढं ढकलत ऐकनं मला जमत न्हाई."

मग डब्याचा शोध सुरू झाला. संदीपनं मोबाईलवर एक नवा दाखवला, नुसत्या सीडीचा, चांगल्या कंपनीचा. किंमत ऐकून तुम्ही म्हणालात, "एवढ्यात दुभती गाय येती. ती दूध तरी देती." दुसरा स्वस्त होता, पण त्यातच स्पीकर, त्यातच रेडिओ आणि गाणं लागलं की निळे-तांबडे दिवे. तो तर तुम्ही हातातसुद्धा घेतला नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर फुकट देऊ केला. तो चालला असता, आवाजही बरा होता, पण त्याच्यावर आकडे दिसत नव्हते. कितवं गाणं लागलंय हे बघायला टीव्ही जोडावा लागत होता. "गानं ऐकायला टीव्ही लावायचा?" म्हणून तुम्ही तो सन्मानानं परत पाठवलात.

शेवटी ठरलं की नगरला जाऊन जुना, वापरलेला, पण नुसत्या सीडीचा प्लेअर बघायचा. संदीपची कांद्याची लागण चालू होती. तुम्ही म्हणालात, "वैशाली येईल माझ्यासंगं." संदीपला नवल वाटलं. मलाही वाटलं. पण माहेरच्या गावात एक चक्कर होईल, एवढ्या मोहानं मी पिशवी उचलली.

एसटीत मी विचारलं, पिशवीत काय आहे. तुम्ही एकच सीडी काढून दाखवलीत, ट्रंकेतली सगळ्यात खराब. दोन चरे, कडेला मुलांनी कधीतरी सांडलेल्या कशाचा तरी चिकट डाग. मी म्हटलं, "चांगली तरी घ्यायची!" तर म्हणालात, "चांगली कशावरबी वाजती. पोरगी बघायला जाताना कोन घरातला गोड मानूस नेत न्हाई. खाष्ट आत्या नेतेत." मला हसू आलं, कारण माझ्या वेळी तुमच्या मोठ्या बहिणीला, खर्ड्याच्या अक्कांना, आणलं होतं. आणि अक्कांनी मला खरोखरच तासभर फैलावर घेतलं होतं.

नगरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या यंत्रांची थप्पी होती. मालक तुम्हाला ओळखत होता, "या कर्णेवाले," म्हणाला. त्यानं एक प्लेअर जोडला आणि गाणं लावायला हात पुढं केला, तर तुम्ही तो धरलात. "थांब. आधी गप बसलेला ऐकू दे." सीडी फिरत होती, गाणं थांबवलेलं, आवाज पूर्ण वर. यंत्र काही बोलत नसताना काय बोलतं, ते तुम्हाला हवं होतं. दुकानातलं गिऱ्हाईकही गप्प झालं. आणि त्या शांततेत मला एक बारीक शिट्टी ऐकू आली, केसासारखी, सलग.

मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही डोळे मिटून बसला होता. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं आपल्यालाच भास झाला, आणि झाला नसला तरी अण्णांच्या आधी मी तोंड कसं उघडू? चार माणसांत सुनेनं शहाणपण दाखवायचं का? मी गप्प बसले. तुम्ही डोळे उघडलेत, एकदा माझ्याकडं बघितलंत आणि मालकाला म्हणालात, "ह्यो ठेव बाजूला. शिट्टी मारतोय." मालकानं कान लावला, मान डोलावली. म्हणाला, "अण्णा, मानलं तुम्हाला." मीही मानलं. सत्तरी उलटलेला माणूस आणि हा कान! मी दुकानात अशी ताठ उभी राहिले, जणू तो कान माझाच होता.

तिथून दोन प्लेअर आठ दिवसांच्या बोलीवर घरी न्यायचे ठरले, पसंत पडेल तो ठेवायचा. एक काळा, दगडासारखा जड. दुसरा चंदेरी, हलका, एका बाजूनं पोचा आलेला. मालकानं पावतीसुद्धा केली नाही. तुमच्या शब्दावर दिले.

परतीच्या एसटीत मी कौतुकानं म्हटलं, "अण्णा, ती शिट्टी तुम्हाला ऐकू आली हो! मला वाटलं मलाच काहीतरी होतंय."

"मला कुठं आली?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात. "तुझ्या कपाळाला आली. आठी पडली, तवा मी वळखलं."

मी हसले. मग तुम्ही हसत नाही हे पाहिलं आणि थांबले.

"तीन वर्सं झाली," तुम्ही सांगितलंत. "आधी चिमन्या गेल्या. मला वाटलं, गावातल्या चिमन्याच कमी झाल्यात. मग मोबाईलची घंटी गेली. आता मानसं बोलत्यात त्यातलं बारीक बारीक उडून जातंय. जाड तेवढं येतंय." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, कानाचं यंत्र मिळतं. तुम्ही म्हणालात, "यंत्र लावून मी कुनाचा आवाज तपासाया बसलो, तर बुवा पेटी गुंडाळून घरी जातील. पोरी, मी कानावरच जगलोय. कुनाला बोलू नको. संदीपलाबी न्हाई."

"मग इतका खटाटोप कशाला?" मी विचारलं. "चांगला काय, वाईट काय, तुम्हाला सारखंच."

"सारखं कसं? जेवढं येतंय तेवढं चोख यावं," म्हणालात. "बाकीचं तू ऐक. तू सांगशील ते मी मानीन."

मी शब्द दिला. नगर मागं पडलं होतं आणि मी मांडीवर तो जड प्लेअर घेऊन बसले होते. घाबरले होते, आणि मनातून फुललेही होते. माझ्या वडिलांनी माझ्या पेटीला 'छंद' म्हटलं, संदीपनं 'टाइमपास' म्हटलं. तुम्ही पहिले, ज्यांनी माझ्या कानावर काहीतरी सोपवलं.

बुवांच्या पेटीचा सूर तेवढा अजून बोचतो, तोही सांगून टाकते. मंदिरातला सराव आपल्या अंगणात ऐकू येत होता, मी पाणी भरत होते. मी म्हटलं, वरचा सा उतरलाय. तुम्ही चपला घालून गेलात, सांगून आलात आणि मला म्हणालात, "तुझं नाव न्हाई घेतलं. रागावू नको." मी रागावले होते, अण्णा. दोन दिवस. काल बुवा ओट्यावर त्याच सुराचं सांगत होते तेव्हा परत रागावले. आणि कप विसळताना हसले.

तर ते दोन प्लेअर. काळा लावला आणि दुकानातून विकत घेतलेली एक सीडी त्यात घातली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढं ओढले गेले. दारात उभ्या माणसालासुद्धा इतकं स्वच्छ! पण ट्रंकेतली, घरी भरलेली सीडी घातली की काळा आतल्या आत कुरकुरायचा आणि काचेवर लिहायचा, सीडी नाही. समोर असून नाही! चंदेरी मात्र काहीही घातलं तरी वाजवायचा. चरा असलेली, डाग असलेली, सगळी. आवाज काळ्यापेक्षा थोडा पातळ. मी तुम्हाला खरं ते सांगितलं, काळ्याचा आवाज सरस आहे. तुम्ही म्हणालात, "सरस असंल. तुझा कान खरा. पन माझी मानसं तो वाजवत न्हाई."

मी म्हटलं, सोपं आहे, ट्रंकेतल्या सीडी चांगल्या कोऱ्या सीडींवर, सावकाश वेगानं पुन्हा भरून घेऊ. मग काळाही वाचेल. इथंच आपलं भांडण पेटलं. तुमचं म्हणणं, "कॉपीची कॉपी म्हंजे त्याच पत्तीचा दुसरा चहा." कॅसेटला ते खरं होतं. दर कॉपीला आवाज फिका होत जायचा, तुम्ही तीस वर्षं ते कानानं बघितलंत. पण सीडीत नुसते आकडे असतात, आकड्याची नक्कल केली तर पाचाचे साडेचार होत नाहीत, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून दाखवायचंच बाकी ठेवलं होतं. "पाचाचे पाचच राहतात, अण्णा!" "कागदावर ऱ्हात असतील." चार दिवस हेच. पोळ्या लाटताना हेच, फराळाच्या ताटावर हेच. संदीप म्हणायचा, तुम्ही दोघं भांडताय का जुगलबंदी करताय?

तुमचं चुकलेलं होतं. आजही सांगते, साफ चुकलेलं होतं.

भाऊबीजेची सकाळ. चंदेरी लावला होता आणि डाव्या खोक्यातून मला बारीक किरकिर ऐकू येत होती. तुम्ही म्हणालात, कुठून येतीय ते धरू. मी दारातून सांगायला लागले तर म्हणालात, "तिथून कळनार न्हाई. हितं बस." आणि खुर्चीकडं बोट केलंत. मी म्हटलं, अण्णा, राहू द्या. तुम्ही खुर्ची पुढं सरकवलीत, फडक्यानं पुसलीत. मी बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गाणारा माझ्यासमोर, दोन्ही खोक्यांच्या मधोमध उभा राहिला.

तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं, जमिनीवर ओणवे. एकेक वायर हलवत विचारत होता, "हाय?" मी खुर्चीतून सांगत होते, "आहे." "आता?" "आहे. अजून आहे." पिन बदललीत, वायर बदललीत. "हाय?" "आहे अण्णा, तशीच." मग तुम्ही बोर्डातून दिवाळीच्या दिव्यांच्या माळेचा प्लग उपसलात आणि मी मोठ्यानं ओरडले, "गेली!"

आणि दारात अक्का उभ्या होत्या. खर्ड्याहून पहिल्या गाडीनं भावाला ओवाळायला आलेल्या, हातात पिशवी. त्यांना काय दिसलं ते मी समजू शकते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणजे या घराची मोठी बाई त्याच. आणि या घरात सून पाय जमिनीला टेकवून खुर्चीत बसलीय, हुकूम सोडतेय, आणि त्यांचा भाऊ तिच्यासमोर गुडघ्यावर.

"आरं, लाज हाय का न्हाई?" अक्कांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. "सून खुर्चीत अन् सासरा जिमिनीवर? हेच बघायला आले का मी? बायकू गेली म्हनून घराची रीतबी गेली का? उद्या तिच्या चपला पुसशील!"

मी उठले होते. मी तुमच्याकडं बघत होते. आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही धूळ झटकत उभे राहिलात आणि एवढंच म्हणालात, "अक्का, जो ऐकतोय तो बसतोय. हितं तीच रीत हाय."

त्या वाक्याचा मला किती अभिमान आहे, अण्णा, हे मी कुणापुढं सांगू? आणि तेच वाक्य मला किती महागात पडलं तेही तुम्हालाच सांगते. अक्कांना ते उद्धट उत्तर वाटलं. त्यांनी ओवाळलं, रीत म्हणून. पण तुम्ही ताटात ठेवलेली साडी उचलली नाही. न जेवता दोनच्या जामखेड गाडीनं निघून गेल्या. खर्ड्याला जाऊन सांगितलं, नगरची सून सासऱ्याच्या डोक्यावर बसलीय. लग्नाकार्यात बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. एक वाक्य पुरलं असतं, की अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून मी बसले होते. मी ते बोलले नाही. शब्द दिला होता.

प्लेअर तुम्ही चंदेरीच ठेवलात. काळा परत गेला. दुकानदारानं विचारलं, का हो, आवाज नाही आवडला? तुम्ही म्हणालात, "आवाज त्याचाच चांगला हाय. आमच्या सूनबाईंनी ऐकलाय." दुकानात, चार लोकांत. तेवढ्यावर मी पेटीचा सूर माफ केला.

सहा महिने तुम्ही रोज सकाळी चहानंतर ट्रंकेतली एक सीडी ऐकलीत. मी शाळेत जायच्या आधी पाच मिनिटं दारात उभी राहायचे आणि तुम्ही डोळ्यांनी विचारायचात, बरंय का? मी मान हलवायचे. सुट्टी लागली की आपण खर्ड्याला जाणार होतो. "मीच सांगतो अक्काला," तुम्ही म्हणाला होता. "तिला उगं लांबवलं मी." परीक्षा संपायला आठ दिवस होते. तुम्ही आठ दिवस थांबला नाहीत.

तुम्ही गेल्यावर अक्का आल्या, त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. दहावा झाला, तेरावा झाला. मी ताट वाढलं की घ्यायच्या, वर बघायच्या नाहीत. आज सकाळी त्यांनी खर्ड्याला जायची पिशवी भरली. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी दशम्या बांधत होते आणि माझ्या मनात आलं, लोक तुमच्या ज्या कानाचं कौतुक करतायत तो तर तीन वर्षांपूर्वीच गेला होता. तुम्ही खरे मोठे ठरलात ते त्यानंतर. ते मी झाकून ठेवायचं, आणि या म्हाताऱ्या बाईनं भावावरचा राग घेऊन गाडीत बसायचं? का म्हणून?

मी तुमचा शब्द मोडला, अण्णा. दशम्यांचं गाठोडं हातात घेऊन त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. चिमण्या, शिट्टी, खुर्ची, किरकिर. संदीपही दारात येऊन उभा राहिला, त्यानंही ऐकलं. तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बहिरा झालता?"

"अर्धे," मी म्हटलं.

"मग मी त्या दिशी इतकं बोलले त्ये..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्ये तरी त्याला ऐकू आलं न्हाई ना गं? सांग. न्हाई ना आलं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! त्यांचे डोळे तेच मागत होते. पण ऐकलेलं न ऐकलेलं करायची या घरात सवय नाही, तुम्हीच लावली नाहीत.

"आलं," मी म्हटलं. "सगळं आलं, अक्का. तुम्ही गेल्यावर मी रडत होते, तर अण्णा आत आले. हसत होते. म्हणाले, तुमचं समद्यांचं बोलनं मला अर्धं पोचतंय, पोरी. अक्काचं एक अक्षर सुटलं न्हाई. तीन वर्सांत पहिल्यांदा कुनीतरी पुरतं ऐकू आलं."

संदीपनं मान खाली घातली. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग हाताचा टेका घेऊन उठल्या, माजघरात गेल्या, तुमच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, आणि सांगितलं नाहीस म्हणून, न भेटता गेलास म्हणून, धाकटा असून आधी गेलास म्हणून तुम्हाला पुन्हा एकदा बोलल्या. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसं बाहेर येतील इतक्या मोठ्यानं. मी मध्ये पडले नाही.